यानेटला फाटकाबाहेर सोडू नये

१

थंडीत त्या घराचं कुलूप हातमोजे घालून उघडत नाही. किल्ली वीतभर लांब, लोखंडी. ती अर्धी फिरवून जराशी आपल्याकडे ओढावी लागते, आणि किती ओढायची ते उघड्या बोटांनाच कळतं. अकरा महिने मी रोज सकाळी नऊला तेच करत होते. आधी स्वयंपाकघराचं दार. मग खिडक्यांची झडपं. मग लांबट बोळातून पुढच्या खोलीकडे.

हडसन नदीच्या या काठाला अशी दगडी घरं बरीच आहेत. डच शेतकऱ्यांनी बांधलेली, भिंती दोन हात जाड, तुळया इतक्या खाली की उंच माणसाला मान खाली घालूनच चालावं लागतं. आमचं घर व्हॅन ड्रीसेनांचं, पण रस्त्यावरच्या पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलंय ते 'मुख्यालय'. इंग्रजांशी लढाई चालू असताना, १७८०च्या हिवाळ्यात, जनरल ॲशमीडनं हे घर ताब्यात घेतलं आणि दहा आठवडे इथून फौज चालवली. लोक येतात ते ती पुढची खोली बघायला. टेबल, नकाशा, सहा खुर्च्या, आणि लोकांनी पुढे जाऊ नये म्हणून बांधलेली दोरी. ती खोली दाखवणं हे माझं काम.

मी हेस्टर ऑस्टरहाउट. तेव्हा बेचाळिशीत होते. आधी शाळेची बस चालवायचे, पाठीनं दगा दिला म्हणून इथे लागले. आमचं घराणं याच नदीकाठचं. आडनाव डच, कातडी काळी. हे कसं काय, असं इथलं कोणी विचारत नाही. डच मालकांची नावं त्यांच्या गुलामांना लागली, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

१९७६चा जानेवारी. देश स्वतंत्र झाल्याला जुलैत दोनशे वर्षं होणार म्हणून सगळीकडे रंगरंगोटी चालली होती. आमच्याकडे छताचं काम लाइल क्वाकेनबुश करत होता. लाकडं फोडणं, बर्फ ओढणं, गळणारं सगळं बुजवणं, ही त्याचीच खाती. त्या सकाळी तो शिडी खांद्यावर घेऊन माझ्या मागोमाग बोळात आला. मी पुढच्या खोलीची खिट्टी वर केली, दार ढकललं.

"कोण कॉरिंथ?" लाइलनं विचारलं.

"काय?"

"आत्ता म्हणालीस ना. कॉरिंथ."

"मी कुठे काय म्हणाले?"

"बरं बाई, नाही म्हणालीस." त्यानं शिडी टेकवली. "काल लिस्बन म्हणाली नव्हतीस, परवा हॅम्बर्ग म्हणाली नव्हतीस. मला वाटलं पेपरातलं शब्दकोडं डोक्यात घोळतंय."

२

माणूस पुटपुटतो. त्यात काय मोठंसं? बस चालवताना मी थांब्यांची नावं पुटपुटायचे, पोरं माझी नक्कल करायची. बस सुटली, खोड राहिली. मी तेच मनाशी धरून बसले.

तरी दुसऱ्या दिवशी खिट्टीला हात लावायच्या आधी ओठ घट्ट मिटले.

खिट्टी उचलली गेली. दार हललं नाही. खांदा लावला, तरी नाही. लाकूड फुगलं असेल म्हणावं, तर लाकूड फुगतं पावसाळी हवेत. कोरड्या थंडीत ते आकसतं, तेव्हा दार उलट खुळखुळायला हवं. मी दोन मिनिटं तशीच ढकलत राहिले. मग दम लागला, तोंड उघडलं, आणि श्वासाबरोबर एक शब्द बाहेर पडला. माझ्याच आवाजात. "जेनोआ."

दार उघडलं. सहज, बोटानं ढकलावं तसं.

आत सगळं जिथल्या तिथे. टेबल, दौत, नकाशाचे मुडपलेले कोपरे. सहा खुर्च्या आत सरकवलेल्या. खिडकीतून आलेलं ऊन फरशीवर पडलेलं. खोली रिकामी होती खरी, पण आतले लोक नुकतेच बोलायचे थांबलेत आणि मी जायची वाट बघतायत, असं वाटत होतं.

त्या दिवसापासून मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, रोजच्या चौकटीत, सकाळी आलेला शब्द पेन्सिलीनं लिहायला लागले. वेड लागत असलं तर निदान त्याची नोंद राहील.

३

महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात मिसेस एल्मंडॉर्फ आल्या. इतिहास मंडळाच्या अध्यक्ष. त्यांच्या एका हातात टंकलेल्या कागदांचा गठ्ठा होता, दुसऱ्या हातात खोका.

"हेस्टर, काय सापडलंय माहितीये? आपल्या जनरलची हुकूमवही! माझ्या चुलतभावाकडे बँकेच्या तिजोरीत पडली होती. पन्नास वर्षं कोणी उघडली नव्हती. ही तिची प्रत. वाचून ठेव, जुलैच्या सोहळ्याला आपल्याला लागणार आहे."

"आणि खोक्यात काय?"

"ते तुझ्यासाठी." त्यांनी खोका उघडला. पांढरी टोपी, खरबरीत झगा, कमरेला बांधायचा ॲप्रन. "सोहळ्याला तू स्वयंपाकघरात उभी राहायचंस. चुलीपाशी. लोकांना तेव्हाच्या काळात गेल्यासारखं वाटलं पाहिजे. पुढची खोली त्या दिवशी आमचा मुलगा विनफ्रेड दाखवेल, फौजी गणवेशात."

"मी चुलीपाशी कोण असणार?"

"म्हणजे... घरातली मदतनीस."

"गुलाम म्हणा, मॅडम. जीभ झडत नाही."

त्यांचा चेहरा लाल झाला. "वाकड्यात शिरू नकोस गं. यात अपमान कसला?"

"अपमान नाही ना? मग विनफ्रेडला ॲप्रन द्या. मी गणवेश घालते. पुढची खोली मी दाखवते, पाठ ताठ ठेवून. पाठ आधीच दुखते माझी, वाकायला जमत नाही."

खोका तिथेच ठेवून त्या निघून गेल्या. जाताना म्हणाल्या, विचार कर. त्यांनी तो शब्द असा उच्चारला की त्यात माझ्या नोकरीचाही विचार आला.

मी प्रत उघडली. प्रत्येक दिवसाच्या वर एकच ओळ. तारीख आणि पहारेकऱ्यांसाठी त्या दिवशीचा परवलीचा शब्द. चौदा जानेवारी: कॉरिंथ. पंधरा जानेवारी: जेनोआ. मी कॅलेंडर भिंतीवरून काढलं, टेबलावर प्रतीशेजारी ठेवलं, आणि बोट ठेवून एकेक चौकट तपासत गेले. एकही शब्द चुकला नव्हता.

पन्नास वर्षं तिजोरीत होती ती वही. मी कुठे वाचली असेन म्हणावं तर कुठे? कोणाच्या तोंडून ऐकली असेन तर कोणाच्या? ज्यांनी हे शब्द तोंडानं उच्चारले होते, ते सगळे याच घरात वावरले होते, आणि सगळे मेले होते.

मी पुढची पानं वाचली. सरपणाचे हुकूम. पळून गेलेल्या शिपायांना किती फटके. मग शेवटचं पान, तीन फेब्रुवारी. शब्दाच्या जागी शाईचा डाग, असं टंकणाऱ्यानं कंसात नोंदवलं होतं. खाली हुकूम:

'घरची काळी बाई यानेट हिच्यावर शत्रूकडे निरोप नेल्याचा संशय. तिला आजपासून फाटकाबाहेर सोडू नये. दुपारी हजर करावे.'

पुढे काहीच नव्हतं. वहीच तिथे संपली होती.

लाइलला मी सगळं दाखवलं. त्यानं कॅलेंडरचं पान उलटून फेब्रुवारीवर बोट ठेवलं.

"मंगळवारी तीन तारीख," तो म्हणाला. "त्या दिवशी रजा घे."

"का म्हणून? दोनशे वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाच्या हुकुमावरून?"

"हट्टीपणा करू नकोस, हेस्टर."

"तो काढेल हुकूम, आणि मी काढू पळ? माझी रजा मी ठरवीन. त्याला काय अधिकार?"

बोलताना माझा आवाज वाजवीपेक्षा मोठा झाला होता. पुढच्या खोलीकडून, बोळाच्या टोकाहून, एक खुर्ची सरकल्याचा आवाज आला. आम्ही दोघांनीही तो ऐकला. लाइल तुळईकडे बघायला लागला, जणू आवाज छतातूनच आला होता.

४

मंगळवारी आभाळ स्वच्छ होतं, ऊन झगझगीत. किल्ली अर्धी फिरवली, ओढली. झडपं उघडली. बोळातून पुढे गेले. त्या दिवशी तोंडात शब्द आला नाही. त्याची गरजच पडली नाही. मी हात लावायच्या आत दार आपण होऊन आत गेलं, आतून कोणीतरी धरल्यासारखं.

मी उंबरठ्यावरूनच मागे फिरले. सकाळभर थंडीमुळे कोणी पाहुणे आले नाहीत. मी स्वयंपाकघरात बसून प्रवेशद्वारापाशी ठेवायची पत्रकं घड्या घालून रचली. बाहेर लाइल लाकडं फोडत होता. कुऱ्हाडीचा ठोका, मग क्षणभर काही नाही, मग पुन्हा ठोका. त्या आवाजाचा फार आधार वाटत होता.

बाराच्या सुमाराला डबा आणायला गाडीकडे निघाले. या घरांची दारं मधोमध आडवी कापलेली असतात, वरचं कवाड वेगळं, खालचं वेगळं. वरचं उघडं ठेवलं की उजेड येतो, खालचं लावलं की डुकरं आत येत नाहीत. मी वरचं उघडलं. खालचं उघडेना. कडी निघालेली होती, बिजागरी परवाच तेल घातलेली. फळी दगडासारखी घट्ट.

"लाइल! जरा बाहेरून ओढ रे हे!"

तो वळला. माझ्याकडे बघून हसला, कुऱ्हाड ओंडक्यात रोवून चालत आला आणि दाराशी थांबला. त्याचं हसू हळूहळू विरलं.

"ये ना बाहेर. दार तर सताड उघडं आहे," तो म्हणाला. "दोन्ही कवाडं."

मी खाली बघितलं. कवाड माझ्या पोटाशी होतं. त्यावर मी दोन्ही हात टेकले होते, लाकडाचा गारठा तळव्यांना लागत होता.

"अरे बंद आहे! मी ढकलतेय, दिसत नाही का तुला?"

लाइलनं डोकं कलतं केलं. "हे काय बोलतेस तू?"

"काय म्हणजे?"

"डच बोलतेस." त्याचा आवाज अगदी बारीक झाला. "माझी आजी असंच बोलायची. चुलीपाशी बसून. हेस्टर, तुला कुठून येतं ते?"

मला येत नाही. एक शब्दही येत नाही. मी तोंडावर हात ठेवला, आणि तेव्हा मनगटाला काहीतरी कापडी घासलं. मी कमरेकडे बघितलं. खोक्यातला ॲप्रन माझ्या अंगावर होता. बंद मागून फिरवून पोटावर घट्ट आवळलेले, दुहेरी गाठीनं. अशी गाठ मी आयुष्यात मारलेली नाही.

मागे, घराच्या आत, खुर्च्या सरकल्या. एक, दोन, मग बाकीच्या. कुजबुज थांबली. खोलीत सगळे येऊन बसले, आता एकच जण यायचा राहिला, अशी शांतता होती ती. माझे पाय त्या बाजूला वळायला लागले. मी वळवले नव्हते.

तेव्हा मला राग आला. भीती होतीच, ती खोटी कशाला सांगू. पण राग तिच्यावर चढून बसला. मला माझ्याच पायांनी दुसऱ्या कोणी चालवावं? माझ्या तोंडात दुसऱ्याची भाषा, माझ्या कमरेला दुसऱ्याची गाठ, आणि वर 'हजर करावे'!

गाठ सुटेना. मी पावाची सुरी घेतली आणि बंद कापले. ॲप्रन फरशीवर पडला. मग मी बोळातून पुढच्या खोलीकडे चालत गेले. कोणी नेत होतं म्हणून नाही. जायचंच असेल तर मी माझ्या चालीनं जाईन. बसचा दरवाजा उघडायला जायचे तशी, टाचा आपटत.

५

जे दिसलं ते सगळं मी सांगू शकत नाही, कारण मला सगळं दिसलंच नाही. दुपारचं ऊन खिडकीतून सरळ टेबलावर येत होतं आणि त्यात धूळ तरंगत होती. टेबलाभोवती पाठी होत्या. वाकलेल्या, रुंद पाठी. कोणी लिहीत होतं. लेखणी कागदावर खरवडत होती.

पलीकडे शेकोटीच्या बाजूला भिंतीशी एक बाई उभी होती. पाय अनवाणी. हात पोटाशी एकात एक गुंतवलेले. तोंड भिंतीकडे.

सगळ्यात भयंकर काय होतं सांगू? कोणी मान वर केली नाही. त्यांनी तिच्याकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं नाही. कोपऱ्यात फावडं ठेवलेलं असतं, त्याच्याकडे आपण कुठे बघतो?

लेखणी थांबली. मान खाली ठेवूनच एकानं काहीतरी विचारलं. भाषा कळली नाही, पण पहाऱ्यावरच्या माणसानं विचारावं तसा सूर होता. आणि उत्तराचा शब्द माझ्या जिभेवर तयार होता. वहीत डागाखाली बुडालेला तोच. तो काय होता ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. एवढंच सांगते, तो कुठल्या गावाचा नव्हता. मान तुकवणारा शब्द होता. तो उच्चारला असता तर मी तिथेच राहिले असते, भिंतीकडे तोंड करून, त्या बाईच्या शेजारी. हे मला कोणी सांगावं लागलं नाही.

मी जीभ चावली. रक्ताची चव आली.

"हेस्टर ऑस्टरहाउट," मी म्हणाले. माझ्या आवाजात, माझ्या भाषेत. "एझरा आणि व्हायोला ऑस्टरहाउटची मुलगी. मी इथे पगारावर आहे आणि पाच वाजता घरी जाते. आज मात्र आत्ता जाणार आहे."

खोलीतली हवा घट्ट झाली. बाईचे गुंतवलेले हात हलले.

"आणि यानेट माझ्याबरोबर येतेय," मी म्हणाले. "चल गं."

तेव्हा लिहिणाऱ्यानं मान वर केली. मला त्याचा चेहरा दिसला, डोळ्याचं पातं लवावं इतकाच वेळ. पुस्तकात असतो तसा सडलेला नव्हता, रक्तानं माखलेलाही नव्हता. साधा, दमलेला, गोरा चेहरा. आणि तो घाबरलेला होता. मला.

मी वळले. पळाले नाही, तेवढं मी स्वतःला बजावलं होतं. बोळातून चालताना मागे अनवाणी पावलं येत होती, फळ्यांवर, हलकी. मी मागे बघितलं नाही. कोणी बरोबर येत असलं की त्याच्यावर विश्वास ठेवायचा असतो, वळून वळून मोजायचं नसतं.

स्वयंपाकघराचं खालचं कवाड अजून बंदच दिसत होतं. पलीकडे लाइल उभा, पांढराफटक. दार उघडं आहे, असं तो म्हणाला होता. लाइल दहा गोष्टींत थापा मारतो, पण अशा वेळी मारणार नाही. मी कवाडाकडे बघितलं, आणि ते नाहीच असं धरून सरळ पाय टाकला. गुडघा आपटेल म्हणून डोळे मिटले होते. गुडघा कुठेच आपटला नाही. पाय पडला तो अंगणात.

मग मी कडेला झाले आणि वरचं कवाड धरून उभी राहिले. दहापर्यंत मोजलं. एक गार झुळूक माझ्या बाजूनं बाहेर गेली. घरातून बाहेर येणारी हवा नेहमी राखेच्या वासाची असते. हिला घामाचा वास होता, कष्टाच्या माणसाचा.

"कोणासाठी धरलंयस?" लाइलनं विचारलं.

"बाजूला हो," मी म्हणाले. "वाटेत उभा आहेस तू."

तो झाला बाजूला. टोपीही काढली त्यानं, मी न सांगता.

६

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता मी कामावर होते. लाइल म्हणाला, तुझं डोकं फिरलंय. असेल. पण मी गेले नसते तर घरानं काय समजलं असतं?

त्या दिवसापासून परवलीचा शब्द आला नाही. दार कधी सहज उघडतं, कधी अडतं. अडलं की मी लाथ घालते. यानेटचं पुढे काय झालं ते कुठल्या कागदात मला सापडलं नाही. शोधणं मी अजून सोडलेलं नाही.

कापलेला ॲप्रन मिसेस एल्मंडॉर्फनी बघितला आणि मंडळाची बैठक बोलावली. मी बैठकीत हुकूमवहीचं शेवटचं पान मोठ्यानं वाचून दाखवलं आणि विचारलं की हे लोकांना सांगायचं नसेल तर तसं मला लिहून द्या, सह्यांसकट. सही करायला कोणी पुढे आलं नाही. पुढची खोली माझ्याकडे राहिली.

जुलैच्या चार तारखेला दीडदोनशे माणसं आली. एका वेळी तीस आत सोडायचे. पहिल्याच तुकडीत मिसेस एल्मंडॉर्फ होत्या, लेसची टोपी घालून, दोरीच्या अगदी पुढे. विनफ्रेड गणवेशात घामाघूम होऊन दाराशी उभा होता. मी टेबलाशेजारी जाऊन उभी राहिले आणि सुरुवात जनरलपासून केली नाही.

"या घरात यानेट नावाची एक बाई होती," मी म्हणाले. "आडनाव लिहून ठेवायची कोणाला गरज वाटली नाही. तुम्ही आत्ता जिथे उभे आहात तिथे तिला उभं केलं होतं."

टेबलाच्या वरच्या टोकाची, जनरलची खुर्ची सरकली. हळूच नाही. कोणी संतापून उठावं तशी, दगडी फरशीवर करकरत, हातभर मागे. तिला कोणी हात लावलेला नव्हता. तीसच्या तीस माणसांनी बघितलं. एक बाई किंचाळली. मिसेस एल्मंडॉर्फनी दोरी दोन्ही हातांनी धरली होती.

झगा मीही घातला होता, पण माझा रविवारचा, निळा.

मी खुर्चीकडे बघितलं.

"बसा," मी म्हणाले. "माझं अजून संपलेलं नाही."

बाहेर बँड वाजत होता, कोणीतरी फटाके उडवत होतं. खोलीत बराच वेळ काहीच झालं नाही.

मग खुर्ची कुरकुरली, वजन पडल्यासारखी. आणि मी पुढे सांगायला लागले.